मशीन स्पर्धेहून परत आलं, आता कॉलेजच्या गेटबाहेर जात नाही

पोस्ट लांब आहे. घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल, किंवा शेतात मिरची-टोमॅटो लावत असाल, तर शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

मी अकोल्यात शिवणी एमआयडीसीत लहानसं जॉबवर्कचं वर्कशॉप चालवतो. दोन लेथ, एक ड्रिल, एक पॉवर हॅक्सॉ, वेल्डिंगचे दोन सेट. गेल्या काही वर्षांपासून दर हिवाळ्यात इंजिनिअरिंगचे पोट्टे काही ना काही बनवायला येतात. या खेपेला अमरावतीकडच्या एका कॉलेजची बावीस जणांची टीम होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगतो आहे ते एका कॉलेजपुरतं नाही.

स्पर्धा तुम्हाला माहीत असावी. एसएई इंडियाची ‘बाहा’ जुनी, २००७ पासूनची. त्यात इंदूरजवळ पिथमपूरला पोरं स्वतः बनवलेली गाडी खड्ड्याखुड्ड्यांतून पळवतात. त्याच संस्थेची दुसरी स्पर्धा शेतीच्या यंत्रांची, तिचं नाव ‘तिफण’. नाव इंग्रजी अक्षरं जुळवून केलेलं आहे, पण वऱ्हाडात तिफण म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. चाड्यावर मूठ धरलेली बाई ज्यानं पाहिली आहे त्याला या नावाचं वजन कळतं. आतापर्यंत कांदा काढणी यंत्र, भाजीपाल्याची रोपं लावणारं यंत्र असे विषय आले, आणि चाचण्या राहुरीच्या कृषी विद्यापीठात झाल्या. आमच्या टीमनं रोपं लावणारं यंत्र घेतलं होतं. ट्रॅक्टरमागं ओढायचं, ट्रेमधलं रोप कपात पडतं, कप मातीत उघडतो, मागची दोन चाकं माती दाबतात. वाचायला दोन ओळी, करायला पाच महिने.

टीमची कॅप्टन मूर्तिजापूरकडची एक मुलगी. घरी कोरडवाहू शेती. पहिल्या दिवशी तिनं मला डिझाइन दाखवलं नाही, कॅलेंडर दाखवलं. त्यावर हिवाळी परीक्षेचे दिवस लाल पेननं खोडलेले. “काका, या दिवसांत टीममध्ये कोणीच नाही असं धरा. आणि शेवटचे तीन आठवडे मला मशीन शेतात पाहिजे.” कॉलेजच्या छापील वेळापत्रकात शेतातल्या चाचणीला दोन दिवस होते. तिनं तीन आठवडे कुठून काढले? जानेवारी अखेरीनंतर एकही ड्रॉइंग बदलायचं नाही असं ठरवून. आमच्या शटरच्या आतल्या बाजूला तिनं खडूनं तारीख लिहिली.

ती तारीख पाळणं सोपं नव्हतं. टीममधला सगळ्यात हुशार पोरगा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नवीन कल्पना घेऊन आला. कॅम काढून टाकू, मोटर आणि सेन्सर लावू. कल्पना खरंच चांगली होती, मीही मान डोलावली. कॅप्टननं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वहीत लिही. पुढच्या वर्षीच्या टीमला दे.” तो दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी ग्राइंडर घेऊन बसला.

पहिलं ड्रॉइंग आलं तेव्हाची गोष्ट. शाफ्ट, व्यास २० मिमी. बस. आमचे टर्नर मामा चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “वीस म्हंजे किती वीस?” पोरगं म्हणतं, “मामा, वीस म्हणजे वीसच.” “अरे बापा, बेअरिंग हातानं सरकवून बसवाचं हाय का हातोड्यानं ठोकून? कागदावर ल्ह्यायला काय झालं तुले?” यूसीपी २०४ चा बोअर २० मिमी असतो. शाफ्ट २० पासून १९.९७९ पर्यंत असला तर हातानं बसतो. वर एक दशांश मिलिमीटर गेला की गेलं काम. हे पोरांना पाठ होतं, परीक्षेत मार्कही मिळाले होते. आपल्या चुकीनं लोखंड वाया जातं हे मात्र पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून नियम झाला, मामांनी पाहिल्याशिवाय ड्रॉइंगवर सही नाही. मामा दहावी नापास आहेत. टीमच्या रिपोर्टमध्ये त्यांचं नाव आलं आणि त्यांनी तो फोटो घरी फ्रेम करून लावला, हे जाता जाता.

खरेदीचं रडगाणं तर विचारू नका. चारशे रुपयांच्या बेअरिंगला तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, मग सही, मग सही करणारे साहेब रजेवर. कॅप्टननं यादीच दोन भागांत केली. ज्याला वेळ लागतो ते आधी मागवायचं, म्हणजे नागपूरहून लेझर कटिंगच्या प्लेटा आणि गिअर. उरलेल्या वस्तू अकोल्याच्या कुठल्याही दुकानात संध्याकाळी सातला मिळतील अशाच निवडायच्या. म्हणून ड्राइव्हला सायकलची अर्धा इंची चेन घेतली. परीक्षकांना साधी वाटेल, पण शेतकऱ्याच्या गावातही ती मिळते.

आपला अमरावती-अकोला रस्ता आठवा. इतकी वर्षं रखडला, आणि जून २०२२ मध्ये त्याच महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत पडला, गिनीजमध्ये नोंद झाली. लोकांना ते पाच दिवस दिसले. खडी, डांबर, प्लांट, माणसं आधी जागेवर आणून ठेवली होती ते कुणाला दिसलं नाही. टीमचं कामही तसंच असतं. रात्री जागून वेल्डिंग करतानाचे फोटो सगळे टाकतात, कोटेशनची फाइल घेऊन तीन मजले चढणाऱ्या पोराचा फोटो कुणी टाकत नाही.

आता शेतातलं. वर्कशॉपच्या काँक्रीटवर रोपामागं रोप बरोबर ४५ सेंटिमीटरवर पडत होतं. पोट्टे नाचले. मग ओलीत दिलेल्या काळ्या मातीत मशीन नेलं आणि अंतर कुठं ५०, कुठं ५५. कप फिरवणारं चाक घसरत होतं. चाक कमी फिरलं की रोप उशिरा पडतं. शिवाय अर्ध्या तासात चाकाला इतकी माती चिकटली की ते चाक राहिलं नाही, लाडू झाला. आपली माती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही हो. चाकाला लांब दाते वेल्ड केले, माती खरडायला पट्टी बसवली, वजन वाढवलं, पुन्हा गेलो. सहा वेळा गेलो. शेवटी अंतर ४५ ते ४७ मध्ये आलं. शेतासाठी दोनच दिवस असते तर हे स्पर्धेच्या मैदानात कळलं असतं.

स्पर्धेत काय झालं? बक्षीस नाही मिळालं, मशीन सगळ्या चाचण्यांतून गेलं. मला तेवढं पुरे होतं. पोस्ट त्यासाठी नाहीच.

मशीन परत आलं आणि कॉलेजच्या शेडमध्ये उभं राहिलं. मी म्हटलं, जूनमध्ये मिरचीच्या लावणीला द्या एखाद्या शेतकऱ्याला, हंगामभर चालू द्या, काय मोडतं ते कळेल. उत्तर आलं, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद झाली, आता गेटबाहेर नेता येत नाही. म्हणजे टेबल-खुर्चीला जो नियम, तोच नियम. मागच्या वर्षीचं मशीन त्याच शेडमध्ये आहे, पण त्याची बेअरिंग आणि चाकं काढून झाली आहेत. कॅप्टन मे महिन्यात पास होऊन पुण्याला जाईल. तिची वही कुणाकडे जाणार हे ठरलेलं नाही. पुढची टीम ऑक्टोबरमध्ये येईल आणि मामांना सांगेल, वीस म्हणजे वीसच.

एका बाजूला तयार प्रोजेक्ट रिपोर्टच्या बाइंडिंगसकट विकत मिळतात, आणि ज्या पोरांनी खरंच बनवलं त्यांचं मशीन गंजतं. आपल्याच अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल बघा. ती शेडबाहेर पडून गावागावांत, बचतगटांच्या हाती गेली, म्हणून आज तिचं नाव आहे. आणि डिसेंबरच्या शेवटी त्याच विद्यापीठाच्या प्रदर्शनात जा, स्टॉलवरच्या पाट्या वाचा. राजकोट, लुधियाना, कोइमतूर. तुरीचा, कपाशीचा, सोयाबीनचा मुलूख आपला आणि पाटी त्यांची.

कॉलेजांकडे मागणं मोठं नाही. विद्यार्थ्यांनी बनवलेलं यंत्र वेगळ्या रजिस्टरला घ्या. एका हंगामासाठी कृषी विज्ञान केंद्राला किंवा शेतकऱ्याला लेखी करारावर वापरायला द्या. टीमला किरकोळ खरेदीसाठी आगाऊ रक्कम द्या, हिशोब नंतर घ्या. जुन्या टीमची वही नव्या टीमच्या हातात देण्याचा एक दिवस ठेवा. याला सरकारचा जीआर लागत नाही, प्राचार्यांची सही पुरते.

या चार गोष्टींचं पत्र आम्ही दिलं आहे, कॅप्टनची आणि माझी सही आहे. टर्नर मामांनीही केली, मराठीत. परवानगी मिळाली तर मूर्तिजापूर, बाळापूर किंवा अचलपूर भागात अर्धा एकर मिरचीचं रान हवं आहे. रोपं ट्रेमधली लागतील, जमीन वाफशावर हवी, ओढायला लहान ट्रॅक्टर पुरतो. पैसे काही नाहीत. मोडलं तर वेल्डिंग माझ्याकडे. ज्याला जमेल त्यानं कळवा.