पंधराशेव्या बाळाचा देश

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, नाउरू हा अवघ्या २१ चौरस किलोमीटरचा देश आहे. त्याला अधिकृत राजधानीच नाही. कारभार यारेन जिल्ह्यातून चालतो. किनाऱ्यालगतचा रस्ता धरला, तर मोटारीने अर्ध्या तासात देश पाहून होतो. बहुतेक प्रवासवर्णने फॉस्फेटपाशी थांबतात: खतासाठी पोखरलेले पठार आणि उघडे पडलेले चुनखडीचे सुळके. परंतु नाउरूला ओळखायचे, तर २६ ऑक्टोबरचा ‘अंगाम’ दिन समजून घ्यावा लागतो.

१९२० मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीने या बेटावर मोठी प्राणहानी झाली. समाज म्हणून तग धरायचा, तर मूळ नाउरूवासी किमान १,५०० असावेत, असे त्या काळी मानले गेले. १९३२ मध्ये एका मुलीच्या जन्माने ती संख्या पूर्ण झाली, आणि तिचा जन्मदिवस राष्ट्रीय सण ठरला. शिरगणतीचा असा उत्सव इतिहासात विरळाच.

पुढे महायुद्ध आले. १९४३ मध्ये जपानी सैन्याने सुमारे १,२०० नाउरूवासींना दूरच्या ट्रुक बेटांवर हलवले. तेथे उपासमारीने व रोगाने शेकडो दगावले. ३१ जानेवारी १९४६ रोजी मायदेशी परतलेल्यांची संख्या होती ७३७. मोजदाद पुन्हा सुरू झाली. १९४९ मध्ये पंधराशेवे बाळ दुसऱ्यांदा जन्मले.

१९६८ मध्ये नाउरू स्वतंत्र झाला. त्या सोहळ्यासाठी नाउरूवासींनी तारीख निवडली ती ३१ जानेवारी.