मूठ

आमच्या गावात ‘शिस्त’ हा शब्द फक्त शाळेत ऐकू यायचा, आणि तोही छडीसोबत. घरात शब्द होता ‘नेम’. कुणाचा एकादशीचा नेम, कुणाचा हरिपाठाचा, कुणाचा आंघोळीशिवाय तोंडात पाणी न घेण्याचा. चातुर्मास लागला की वांगं सोडणाऱ्यांची रांग लागायची. माण तालुक्यात पाऊसच नसायचा, तर वांगं येणार कुठून, त्यामुळं ते सोडायला फारसं जड जात नसे.

माझा एक चुलता मोठमोठ्या नेमांचा माणूस. दर पाडव्याला तो पारावर बसून जाहीर करायचा, उद्यापासनं पहाटे चारला उठणार, शंभर जोर काढणार, तंबाखू बंद. तीन दिवस तालमीत घाम गाळायचा. चौथ्या दिवशी पाहुणे यायचे, नाहीतर कंबर धरायची. पाचव्या दिवशी कमरेची चंची बाहेर. मग पुढच्या पाडव्यापर्यंत त्याला कसलीच घाई नसायची.

आईचा नेम असा जाहीर झालेला नव्हता. तो नेम आहे हेच मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. पहाटे जात्यावर बसायच्या आधी ती सुपात जोंधळे घ्यायची, खडे निवडायची आणि दळायला लागायच्या आधी त्यातली एक मूठ परत उचलून उतरंडीतल्या मधल्या गाडग्यात टाकायची. वर येळणी झाकायची. एवढंच. दारात वासुदेव आला, पोतराज आला, सप्त्याची वर्गणी मागायला मंडळी आली, की धान्य त्या गाडग्यातून जायचं. कणगीला हात लागायचा नाही.

ही सवय तिला तिच्या आईकडनं आली होती. आमच्या सातारा जिल्ह्यात मुठीच्या धान्याला मान होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तेव्हा त्या पोरांच्या पोटासाठी गावोगावच्या बायका रोजची एक मूठ बाजूला काढत. आजीची मूठ त्यातली होती का, हे विचारायचं राहूनच गेलं. पण ‘बोर्डिंगाची मूठ’ हे शब्द तिच्या तोंडी असायचे.

मोठा झाल्यावर मी एकदा आईच्या मुठीचं वजन करून पाहिलं. दहा मुठी अर्धा किलोच्या आसपास भरल्या. म्हणजे वर्षाला साधारण अठरा किलो. बाई रोज उठून अठरा किलोचा विचार करत बसली असती, तर तिला ते कधी जमलं नसतं असं मला वाटतं. तिला फक्त आजची मूठ दिसायची.

मग १९७२ साल आलं. मी नऊ वर्षांचा होतो.

माणला दुष्काळ नवा नाही. त्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरात पाऊस कोसळत असतो आणि आमच्याकडं वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पडला तरी माणसं समाधानी असतात. पण त्या साली मृगही कोरडा गेला आणि परतीचा पाऊसही फिरकला नाही. बाजरी करपली, रब्बीचा जोंधळा पेरायला ओलच नव्हती. बैल गेले. आई आणि अण्णा पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले. आई पाट्या वाहायची, अण्णा खणायचे. आमच्याच गावाचं नव्हे, पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती म्हणतात. पगार आठवड्यानं, तोही मोजमाप झाल्यावर, आणि मोजमाप करणारा साहेब येईल तेव्हा. कामावर सुकडी मिळायची. आई तिच्या वाट्याची पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. रेशनवर तांबडा मिलो यायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची, पण तीसुद्धा मोजून असायची.

त्या दिवसांतही आई सुपातली मूठ काढून गाडग्यात टाकत होती. जोंधळ्याऐवजी मिलोची.

धाकटी बहीण भुकेनं रडत झोपायची. एका पहाटे मला राहवलं नाही. म्हटलं, “आये, ती मूठ बी दळ की. चतकोर भाकर जास्त हुईल.”

“हुईल,” ती म्हणाली आणि मूठ गाडग्यात टाकली.

मला तिचा राग आला. तो राग लहान नव्हता. भुकेल्या पोराला आईचा जसा राग येतो, तसा होता. आणि मी एकटा नव्हतो. चार-आठ दिवसांनी रात्री अण्णांनीच विषय काढला. पगार लांबला होता, दुकानदारानं उधारी बंद केली होती. आवाज चढत गेले. “पोरं उपाशी निजत्यात आन तू गाडगं भरतीस? कुणासाठी? वासुदेवासाठी?” असं म्हणत त्यांनी उतरंड उतरवली आणि गाडगं परातीत उपडं केलं. मिलो, त्याखाली थोडे जोंधळे. आई एक शब्द बोलली नाही. तिनं ते सगळं त्याच रात्री दळलं आणि आम्ही पोटभर जेवलो. सकाळीही जेवलो. गाडग्यानं आम्हाला तारलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण हिशेब तसा नाही. ते धान्य दोन दिवसही पुरलं नाही. तिसऱ्या दिवशी उशिरा पगार झाला म्हणून आम्ही निभावलो.

मला आठवतं ते चौथ्या पहाटेचं. जाग आली तर आई सुपापुढं बसलेली. मला वाटलं, आता झालं, गाडगं तर रिकामं झालं. तिनं सुपात हात घातला, मूठ भरली, थोडा वेळ तशीच धरली. मग बोटं सैल करून बरंचसं धान्य परत सुपात सोडलं. हातात उरलं ते चिमूटभर. तेवढंच तिनं गाडग्यात टाकलं. रिकाम्या गाडग्यात दाणे पडल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू आला.

“एवढ्यानं काय हुतंय?” मी विचारलं.

“मोडला न्हाय एवढंच,” ती म्हणाली. “निज.”

पुढं पाऊस झाला तसतशी तिची चिमूट वाढत पुन्हा मूठ झाली. ते तिनं कधी ठरवलेलं मी ऐकलं नाही. जातं गेलं, गिरणी आली, गाडग्याच्या जागी स्टीलचा डबा आला. दळण गिरणीला धाडायच्या दिवशी एकदम सात मुठी काढल्या तर चालणार नाही का, असं सुनेनं विचारलं, तर तिनं ऐकून घेतलं आणि रोजचीच मूठ चालू ठेवली. मी फलटणला शिकायला होतो, पुढं नोकरीला लागलो. या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. रात्री निजण्याआधी दिवसाचा खर्च दोन ओळींत लिहायची सवय मला लागली ती तिथं. पैसे नसले त्या दिवशी ‘खर्च नाही’ असं लिहायचो. तीही ओळच.

२००९ साली अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा जीभ थोडी वळत होती, पाय ओढत चालता येत होतं, पण हात लोंबत होता. व्यायाम शिकवायला आलेली मुलगी चांगली होती. तिनं एक रबरी चेंडू दिला, कागदावर चित्रं काढून दिली, दिवसातून तीनदा प्रत्येक व्यायाम दहा वेळा. अण्णांनी पहिल्या दिवशी सगळे केले. दुसऱ्या दिवशी निम्मे. आठवड्यानं चेंडू नातवाकडं क्रिकेटला गेला आणि अण्णा भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागले. आम्ही समजावलं, ओरडलो. आम्ही ओरडलो की ते डोळे मिटून घेत.

आईनं परातीत जोंधळे घेतले आणि त्यांच्यापुढं ठेवले.

“आवं, एक मूठ भरा. मग च्या.”

“मी काय ल्हान पोरगं हाय?”

“एकच. दुसरी भरू नगा.”

पहिले काही दिवस तिनंच त्यांचा हात उचलून धान्यात ठेवला, बोटं नुसती दाण्यांवर पडून राहायची. तरी चहा मिळायचा. चहा कधी अडवला नाही तिनं, पण परातीशिवाय दिलाही नाही. महिन्या-दीड महिन्यानं बोटांच्या बेचक्यात चार दाणे अडकून वर आले. अण्णांनी ते मोजले. त्या व्यायामाच्या मुलीला मी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, हे तर उत्तमच आहे, असंच चालू ठेवा, आणि जमेल तसे बाकीचेही करून घ्या. बाकीचे अण्णांनी हळूहळू सुरू केले, आम्ही घरात नसताना.

हात पूर्ण आला नाही. सदऱ्याची बटणं त्यांना शेवटपर्यंत लावता आली नाहीत. पण दिवाळीच्या सुमारास मूठ मिटू लागली. एका सकाळी परात पुढं आल्यावर ते बराच वेळ तिच्याकडं बघत बसले, मग अडखळत म्हणाले, “तवा म्या गाडगं वतलं हुतं.”

“व्हय,” आई म्हणाली. “तीन शेर बी भरलं नव्हतं.”

अण्णांनी मूठ भरली, भिंतीला धरत उठले आणि डब्याकडं निघाले. वाटेत निम्मे दाणे सांडले. दारातल्या कोंबड्या आत घुसल्या, अण्णा डाव्या हातानं त्यांना हाकलू लागले, आणि आईनं चहाचं आधण ठेवलं.