फसवणे, भुलवणे, पटवणे

यिर्मयाच्या ग्रंथातील विसाव्या अध्यायाचे सातवे वचन भाषांतरकारांना अडखळवते, ते त्यातील शब्द दुर्बोध आहेत म्हणून नव्हे. अडचण कर्त्याची आहे. कर्ता देव, कर्म त्याचाच संदेष्टा, आणि क्रिया अशी की ती माणसाने केली तर तिला अपराध म्हणावे लागेल. मंदिराचा अधिकारी पशहूर याने यिर्मयाला मारहाण करून खोड्यात अडकवल्याची हकीकत नुकतीच येऊन गेलेली आहे. तक्रार मात्र पशहूराविरुद्ध नाही, देवाविरुद्ध आहे.

मूळ हिब्रू धातू ‘पाता’. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात वाङ्‌निश्चय न झालेल्या कुमारिकेला नादी लावणाऱ्या पुरुषासंबंधीचा जो नियम आहे, त्यात हाच धातू येतो. याच धातूशी जोडला जाणारा ‘पेती’ हा नीतिसूत्रांतील भोळ्या माणसाचा वाचक शब्द. खोटे बोलणे हा या क्रियेचा गाभा नव्हे. समोरच्याच्या भोळेपणाला हात घालणे हा आहे. सरळ फसवणुकीचे क्रियापद यिर्मयाजवळ नव्हते असेही नाही. चौथ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात, देवालाच उद्देशून, तो ते वापरतो, आणि ते सर्पाविषयी हव्वेने वापरलेले क्रियापद आहे. विसाव्या अध्यायात त्याने दुसरा शब्द घेतला, ही निवड दुर्लक्षिता येत नाही.

भाषांतरांचा इतिहास मात्र दुर्लक्षाचाच अधिक आहे. ल्यूथरच्या जर्मनमध्ये देव यिर्मयाचे मन वळवतो, आणि यिर्मया ते वळवू देतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात देव थेट फसवतो. ‘मोह घातला’ हा पर्याय समासात जातो. (समासातला शब्द पुष्कळदा संहितेतल्यापेक्षा प्रामाणिक असतो.) तेच भाषांतर १ राजे २२ मध्ये अहाबाच्या बाबतीत त्याच धातूला ‘मन वळवणे’ म्हणते. संदेष्ट्याला फसवणारा देव त्या भाषांतरकारांना चालला, दुष्ट राजाला फसवणारा मात्र चालला नाही, ही गंमत विचार करण्याजोगी आहे. विसाव्या शतकात अब्राहम हेशेल यांनी (१९६२) या वचनात मोहात पाडणे आणि बळजबरी यांची भाषा ऐकली; क्लाइन्स आणि गन यांनी (१९७८) मन वळवण्याचा प्रयत्न एवढाच अर्थ मान्य केला. एकाच क्रियापदाला बळजबरीपासून मनधरणीपर्यंतचा पल्ला!

हा वाद केवळ कोशाच्या आधारे मिटणार नाही. तीनच वचनांनंतर यिर्मयाचे जवळचे लोक त्याच्यावर टपून म्हणतात की हा कदाचित भुलेल आणि आपण याच्यावर वरचढ होऊ. ‘पाता’ आणि वरचढ होण्याचे क्रियापद, दोन्ही तीच. देवाने जे केले असे यिर्मया म्हणतो, तेच शत्रू करू पाहतात, त्याच शब्दांत. शमशोनाविषयी पलिष्टी सरदार दलीलेला सांगतात तेव्हाही हीच जोडी येते. सेप्तुआजिंतच्या ग्रीकमध्ये यिर्मयाच्या दोन्ही वचनांत एकच क्रियापद राहते. जेरोमच्या लॅटिनमध्ये दोन वेगळी होतात, आणि संदेष्ट्याच्या आक्रोशातील सर्वांत भेदक अनुनाद हरवतो. जेरोमसारख्या हिब्रूच्या जाणकाराकडून हे व्हावे, हे खटकते.

मराठीत हा प्रश्न निराळ्या अंगाने उभा राहतो. ‘फूस लावणे’ हा शब्दप्रयोग निर्गमाच्या नियमाला चपखल बसतो. ‘पटवणे’ हे क्रियापद तर मन वळवणे आणि प्रेमात ओढणे हे दोन्ही अर्थ सहज पेलते. पण देवाच्या तोंडावर उच्चारण्याइतके ते भारदस्त नाही. हिब्रू वचनात देवाच्या कृतीला यिर्मयाचा प्रतिसाद त्याच धातूने येतो, आणि तो ‘भुलवला गेलो’ की ‘भुलू दिले’ हे व्याकरण सांगत नाही. मराठीतील ‘भुलवणे–भुलणे’ ही जोडी ही संदिग्धता जशीच्या तशी राखते. ‘फूस लावणे’ला असा जोडीदार नाही. भुलण्यातला गोडवा यिर्मयाच्या वचनात थोडा जास्त होतो, हे खरे.

‘फसवणे–फसणे’ ही जोडीही व्याकरणाला पुरते. परंतु ‘फसवणे’ला लपवाछपवी लागते, आणि अहाबाच्या कथेत ती नाही. स्वर्गातील सभेत काय ठरले, कोणता आत्मा असत्य घेऊन चारशे संदेष्ट्यांच्या मुखी बसला, हे मीखाया राजासमोर उघडपणे सांगून टाकतो. अहाब ते सर्व ऐकतो, मीखायाला तुरुंगात टाकण्याची आज्ञा देतो आणि वेष पालटून रामोथ-गिलादच्या लढाईला जातो.