शकुंतलेच्या डब्यातून गाविलगडापर्यंत

गेल्या महिन्यात अमरावतीच्या वसतिगृहातून मुलीचा फोन आला. "अम्मी, शनिवार-रविवार आम्ही मैत्रिणी चिखलदऱ्याला जातोय. मॅडम सोबत आहेत. जाऊ का?" आम्ही पटकन "नाही" म्हणून मोकळे झालो. फोन ठेवला आणि आमचाच एक शनिवार आठवला.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यात बी.एड. करताना आम्ही सहा जणी वसतिगृहात राहत होतो. त्यांतली एक अचलपूरची. तिने सर्वांना घरी बोलावले. आमच्या मॅडम आणि त्यांचे पती सोबत यायला तयार झाले. प्रश्न उरला तो घरच्या इजाजतीचा. आम्ही एसटीडी बूथवरून खामगावला फोन लावला. अब्बा जिनिंगमध्ये कामाला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले : सोबत कोण, रात्री मुक्काम कुठे, परत कधी? मग थोडे थांबून म्हणाले, "जा बेटा. पण काय पाहिलं ते येऊन सांगायचं."

शनिवारी सकाळी मूर्तिजापूरला आम्ही शकुंतलेत बसलो. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात एका खाजगी कंपनीने ही लाईन टाकली. अचलपूरपर्यंतचे 76 किलोमीटर जायला चार तासांहून अधिक लागत. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, आमच्या वेळी डिझेलचे आले होते. दर्यापूर, अंजनगाव मागे पडले. खिडकीबाहेर तूर आणि कपाशी, आत रोट्या आणि शेंगदाण्याची चटणी. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी विचारले, "कोनाच्या पोरी वं तुमी?" आम्ही शिक्षिका होणार हे ऐकून त्यांनी पदरातली बोरे आमच्या ओंजळीत टाकली.

अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. पुस्तकात बहमनीच्या पाच शाखा आम्ही पाठ केल्या होत्या, पण त्यांतली एक आपल्याच वऱ्हाडात नांदली हे तिथल्या गल्ल्यांतून फिरताना पहिल्यांदा मनात उतरले. रात्री मैत्रिणीच्या अम्मींनी ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. गप्पांत चांदबीबी आली. अहमदनगरच्या किल्ल्यासाठी लढलेल्या या बाईला 1596 च्या तहात वऱ्हाड मुघलांना द्यावे लागले. "तिने नगर वाचवले आणि आपल्याला दिले!" असे एकीने म्हणताच मॅडमसुद्धा हसल्या.

रविवारी फजरनंतर परतवाड्याहून एसटीने घाट चढलो. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड 1425 च्या सुमारास अहमदशहा बहमनीने बांधून घेतला. पुढे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क याने तो मजबूत केला. हा मूळचा विजयनगरकडचा कानडी घरातला मुलगा, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. गडाच्या दरवाजावर हत्तींना पंजात धरलेले सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, आत तलाव आहेत आणि एक मोठी मशीद. 15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीच्या फौजेने हाच गड भोसल्यांकडून घेतला. एका फारसी लेखाशी आम्ही थांबलो. उर्दूमुळे अक्षरे जुळत होती, अर्थ मात्र निसटत होता. मॅडम म्हणाल्या, "अक्षर ओळखणं म्हणजे वाचणं नव्हे. वर्गात हे विसरू नका." बी.एड.च्या वर्षभरातला तो धडा आम्हांला सर्वांत जास्त उपयोगी पडला.

संध्याकाळी ठरल्या वेळी आम्ही अकोल्यात परतलो. पुढच्या सुटीत घरी गेलो तेव्हा अब्बांना सगळे सांगितले. इशाची वेळ झाली तरी ते ऐकत होते. कापसाच्या गाठी भरण्यात त्यांचा जन्म गेला, पण त्या कापसाच्या गाडीत बसून गाविलगड पाहायला त्यांना कधी सवड मिळाली नव्हती. "आज मीही जाऊन आलो," एवढेच ते म्हणाले.

अब्बा आता नाहीत. शकुंतलाही अनेक वर्षांपासून बंद आहे. आमच्या शाळेच्या सहलीच्या वेळी मुलींचे पालक दारात घुटमळतात, तेव्हा आम्ही त्यांना हेच तीन प्रश्न विचारायला सांगतो. आणि घरची मुलगी विचारते तेव्हा?

आम्ही पुन्हा फोन लावला. सोबत कोण, रात्री मुक्काम कुठे, परत कधी? तिने तिन्ही उत्तरे नीट दिली. "जा बेटा," आम्ही म्हणालो, "पण काय पाहिलं ते येऊन सांगायचं."