कादवेकाठची दिंडोरी
नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरील दोन सामन्यांच्या मधला मोकळा दिवस मुक्कामाच्या खोलीत न दवडता, उत्तरेकडील दिंडोरी या तालुक्याच्या कसब्याची वाट मी धरली. कादवेकाठच्या मळ्यांत, तारांच्या मांडवावर चढविलेल्या वेलींच्या पानांआड पांढुरकी झाक ल्यालेले द्राक्षांचे घड न्याहाळताना मनात आले, की १६७० च्या ऑक्टोबरात, सुरतेचा खजिना घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेला याच वणी-दिंडोरीच्या मुलखात मैदानी लढाईत पराभूत केले. क्रीडेतील जयपराजय धावफलकावर नोंदले जातात; परंतु जिथे स्वराज्याचे सामर्थ्य खुल्या रणात सिद्ध झाले, त्या भूमीला वंदन करणे हे नाशिकला सामन्यांसाठी येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचे कर्तव्यच आहे, असे मला मनःपूर्वक वाटते.