डबा जड परत येतो तेव्हा

पहाटे आकुर्डीच्या किंवा निगडीच्या कुठल्याही चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणारी रांग असते. त्या रांगेत तो तुम्हाला भेटेल. स्टीलचा, तीन पुडांचा, बाजूला कडी. सॅकमध्ये आडवं पडणं त्याला मुळीच आवडत नाही. त्याला वेगळी पिशवी लागते आणि पिशवीत उभी जागा लागते. ती दिली नाही तर चाकणपर्यंत गप्प राहतो, आणि गेटवर उतरताना कळतं की रस्सा युनिफॉर्मवर आला आहे. राग काढायची त्याची ही एकच पद्धत.

घराण्याचा त्याला अभिमान आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-चिंचवडच्या माळावर शेड उभ्या राहिल्या, तेव्हापासून तो या रस्त्यावर ये-जा करतो. कधी मराठवाड्याची ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन आला, कधी खानदेशची कळण्याची भाकरी. कॅन्टीनशी त्याचं जुनं वैर आहे. कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीन आणलं, पण लहान शॉपमध्ये अजून याचंच राज्य चालतं. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती, हेही त्याच कायद्याने ठरवलं. तो अर्धा तास आपल्याच नावावर लिहून दिला आहे, अशी त्याची ठाम समजूत.

नावावरून आठवलं. भांड्याच्या दुकानात झाकणावर कोरून घेतलेलं नाव तो नेहमी वर ठेवतो. आणि भोचक आहे. सुट्टीत गोल करून बसले की शेजारच्याच्या भाजीत डोकावल्याशिवाय त्याचं झाकण पुरतं निघत नाही. लोणच्याची फोड इकडून तिकडे जाते, कुणाच्या घरी पाहुणे आलेत ते कळतं, कुणाचं भांडण झालंय तेही कळतं.

या भोचकपणामुळेच मी त्याची बाजू घेते. घरात कोणाचं जेवण बिघडलं आहे, हे पहिल्यांदा त्याला कळतं.

एखाद्या शॉपमधली ट्रेनी मुलगी घ्या. गाव सोडून आलेली, मोशीला तिघी-चौघींच्या रूमवर राहणारी. आधी ती गोलातून उठते. “तुम्ही बसा, मी नंतर खाते.” मग डब्यातला भात जातो, मग चपाती दोनावरून एकीवर येते, मग त्या एकीचे इतके बारीक तुकडे होतात की सुट्टी संपते पण चपाती संपत नाही. मैत्रिणींनी विचारलं तर सकाळी भरपूर खाल्लेलं असतं, रूमवर विचारलं तर कंपनीत खाल्लेलं असतं. दोन्हीकडची उत्तरं डब्याला ठाऊक असतात, कारण दोन्हीकडे तोच असतो. पुढच्या खुणा अंगावर दिसतात: मे महिन्यात स्वेटर, विंचरताना हातात येणारे केस, मशीनवर उभं असताना चक्कर, थांबलेली पाळी, क्षुल्लक गोष्टीवरून चिडणं. तोवर बरेच महिने गेलेले असतात.

अशी मुलगी जेवणाचा विषय टाळत असेल, असं वाटतं. बऱ्याचदा उलटं होतं. ती रेसिपीचे व्हिडिओ बघते, रूमवर सगळ्यांसाठी रांधते, आग्रह करून वाढते, स्वतः ताट घेत नाही. हे नाटक नव्हे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने कित्येक महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला. ती माणसं पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, एकेक घास लांबवू लागली, बोलायला दुसरा विषय उरला नाही. उपासमार मेंदूला अन्नाभोवतीच फिरवत ठेवते. म्हणून “तुला खायला काय होतं?” या प्रश्नाला त्या मुलीकडे उत्तर नसतं.

वजनकाट्याशी डब्याचं पटत नाही, आणि इथे मी पूर्ण डब्याच्या बाजूने आहे. काटा आकडा दाखवतो, माणूस वाळल्यावर दाखवतो आणि जाडजूड माणसाला तर निर्धास्त करून सोडतो. खाण्याचे आजार सगळ्या अंगकाठीच्या माणसांना होतात. भराभर, पोट दुखेपर्यंत, लपून खायचं, थांबवता येत नाही, आणि मग लाजेने मान वर करायची नाही, हे आठवड्यातून एकदा तरी, तीन-तीन महिने चाललं तर तोही आजार आहे. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत त्याला स्वतंत्र जागा आहे. खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढणाऱ्यांचं वजन पुष्कळदा नेहमीसारखंच असतं. त्यांच्याकडे बघायचं ते वेगळ्या ठिकाणी: जेवण झालं की लगेच बाथरूम, नळ मोठा सोडलेला, गाल कानाजवळ सुजलेले, दात झिजलेले, बोटांच्या सांध्यांवर दातांचे वण.

उपवासाच्या दिवशी डब्याचा थाट वेगळा. एकीकडे देहू-आळंदी, दुसरीकडे चिंचवडचे मोरया गोसावी. या पट्ट्यात एकादशी आणि संकष्टी मशीनवर उभं राहूनही पाळली जाते. खिचडी, भगर, दाण्याची आमटी, जिरं घातलेली बटाट्याची भाजी भरली की डबा त्या दिवशी फारच भाव खातो. खरा उपवास त्याच्या लगेच लक्षात येतो: त्याला ठरलेला दिवस असतो, फराळ असतो आणि तो सुटतो. संकष्टीला चंद्र दिसला की, एकादशीला दुसऱ्या दिवशी द्वादशीला. पण सोमवार होता, त्याला गुरुवार जोडला गेला, मग शनिवार आला, फराळही नको झाला, आणि सोडायच्या वेळी “भूकच नाही” असं होऊ लागलं, की डबा अस्वस्थ होतो. आपल्या घरात श्रद्धेला कोणी जाब विचारत नाही. आजाराला लपायला याहून सोयीची जागा नाही. म्हणून व्रताला हात न लावता एवढंच बघावं, की ते सुटतं का आणि सुटल्यावर माणूस आनंदाने जेवतो का.

आणखी एक. “मी जाड आहे” असं आपल्याकडची मुलगी म्हणेलच असं नाही. १९९५ मध्ये भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुणींची नोंद प्रसिद्ध केली. त्या खात नव्हत्या, उलट्या होत होत्या, वजन फार उतरलं होतं, पाळी थांबली होती; पण आपलं शरीर बेढब आहे, ही परदेशी पुस्तकांतली तक्रार त्यांची नव्हती. इथेही “पोट फुगतं”, “गॅस होतो”, “घशाखाली उतरत नाही” अशीच भाषा ऐकू येते. मग पोटाच्या गोळ्यांवर वर्ष निघून जातं.

मुलांच्या बाबतीत डबा बराच काळ फसला. जिमला जाणाऱ्याचा डबा उकडलेली अंडी आणि चिकनने भरलेला असतो, त्यामुळे त्याला वाटलं, पोरगं छान खातंय. पण भाकरी बंद, सणाची पुरणपोळी बंद, लग्नातलं जेवण बंद, एक दिवस व्यायाम चुकला तर रात्रभर तळमळ. हे शिस्तीच्या पलीकडचं आहे. तेही आजारात मोजा.

डबा रिकामा आला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. भाजी कंपनीच्या मागच्या कुत्र्यांना घालून, डबा नळाखाली लख्ख धुऊन आणणारी माणसं असतात. जो डबा एरवी खरकटा यायचा, तो रोज चकचकीत येऊ लागला तर थोडं लक्ष द्या. मात्र झडती घेऊ नका. डबा उघडून सगळ्यांसमोर जाब विचारला की दुसऱ्या दिवशी तो घरीच राहतो, आणि आपला हा एकमेव खबऱ्या जातो. “किती बारीक झालीस” हेही नको, “आता कशी छान दिसतेस” हे तर अजिबातच नको. एकटं गाठून म्हणावं: “तू हल्ली गोलात बसत नाहीस. मला काळजी वाटते. डॉक्टरकडे मी सोबत येते.”

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाणं, यात वाट पाहू नका, सरळ दवाखाना. सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडते. फार दिवसांच्या उपाशी माणसाला घरी बळेच पोटभर वाढणंही धोक्याचं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे: क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन आजारी माणसानेच करावा असं नाही. आईने, नवऱ्याने, रूमवरच्या मैत्रिणीने केला तरी चालतो. चोवीस तास सुरू असतो, त्यामुळे थर्ड शिफ्ट सुटल्यावरही लागतो.