आश्रयाची अट

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधील चर्च आणि ख्रिस्ती शाळा पाहताना 1896-97च्या दुष्काळाचे स्मरण अपरिहार्य ठरते. मध्य प्रांत त्यात होरपळला. पंडिता रमाबाईंनी तेथील निराधार मुली केडगावला आणल्या. ‘मुक्ती’ची उभारणी त्यांच्यासाठीच झाली. रमाबाईंचे आईवडीलही दुष्काळातच गेले होते. अन्न आणि धर्म यांचे नाते त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

1887 मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले, ते धर्मनिरपेक्ष शिक्षणासाठी. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले. पुढे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. केडगावात मात्र ख्रिस्ती शिक्षण उघडपणे दिले गेले आणि परदेशी देणग्याही येत राहिल्या. दुसरीकडे, मध्य प्रांतातील अनाथ मुले मिशनरींच्या हाती जाऊ नयेत म्हणून लाला लजपतराय यांनी ती पंजाबातील आश्रमांत पोचवली. दोन्हीकडे भाकरीसोबत श्रद्धाही वाढली गेली.

भुकेल्या मुलाच्या संमतीला संमती म्हणावे काय? दाता त्याला अपरिचित असतो. दात्याचा धर्म मात्र त्याच्या वाट्याला येतो. मोठेपणी मिळालेल्या अक्षरांच्या बळावर तो धर्म नाकारण्याचे स्वातंत्र्य त्याला असेल, तरच ते शिक्षण म्हणावयाचे. अन्यथा ती ऋणाची परतफेड होय.